सुटकेआधी ओळखपत्र: कारागृहातील बंद्यांना कागदपत्रे मिळवून देण्याची रीत

शिक्षा भोगणाऱ्या सिद्धदोष बंद्याच्या सुटकेची तारीख कारागृहाला आधीपासून माहीत असते. न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या, बंद्याची मात्र कोणालाच माहीत नसते. जामिनाचा आदेश दुपारी निघतो, संध्याकाळपर्यंत कारागृहात पोहोचतो आणि माणूस त्याच दिवशी बाहेर पडतो. महाराष्ट्रातील कारागृहांत न्यायाधीन बंद्यांचीच संख्या मोठी असल्यामुळे, ‘सुटकेच्या महिनाभर आधी कागदपत्रांचे बघू’ असे ठरवलेले काम बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. म्हणून या लेखातील सगळी मांडणी एकाच आग्रहावर उभी आहे: ओळखपत्राचे काम सुटकेच्या तारखेपासून मागे मोजत बसू नये, ते प्रवेशाच्या तारखेपासून सुरू करावे. बंदी पंधरा दिवसांत सुटला तरी अर्धे झालेले काम त्याच्या हातात द्यावे.

हा लेख विधी स्वयंसेवक, सामाजिक कार्यकर्ते, कारागृहातील कर्मचारी आणि बंद्यांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. या कामाला कायद्याचा आधार आहे, ही जाणीव सुरुवातीलाच पक्की असावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अभिरक्षेत असलेली प्रत्येक व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेस पात्र असते. कागदपत्रे परत मिळवण्यासाठी न्यायालयात करायचा अर्ज हा त्या सेवेचाच भाग आहे. त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कारागृहात येणारे विधी सहाय्य वकील आणि लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत वकील पुरवणारे) यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. नातेवाइकांना कोठे विचारायचे हे कळत नसेल, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक त्यांना द्यावा.

पहिली पायरी: नवे काढण्याआधी जुने शोधा

‘कागदपत्रे आहेत का?’ या प्रश्नाला बहुतेक बंदी ‘नाहीत’ असेच उत्तर देतात, कारण त्यांना तो प्रश्न ‘आत्ता तुमच्याजवळ आहेत का’ असा ऐकू येतो. म्हणून प्रश्न बदलावा. अटक झाली तेव्हा खिशात काय होते? पाकीट कोणी घेतले? घरी पेटीत काय असते? मोबाइलचे सिम कोणत्या कागदावर घेतले होते? मुलांना शाळेत घालताना काय दाखवले? शेवटचे मतदान कोठे केले? अशा विचारपूशीतून ज्याच्याकडे ‘काहीच नाही’ त्याचेही दोन-तीन धागे हाती लागतात. ही माहिती एका पानाच्या साध्या नमुन्यात भरून त्यावर बंदी क्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि न्यायालय लिहून ठेवावे, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात हे चार तपशील लागतात.

मूळ कागद साधारणपणे पाच ठिकाणी सापडतात: घरी, घरमालकाकडे किंवा ठेकेदाराकडे, कारागृहाच्या खासगी मालमत्तेच्या भांडारात, पोलीस ठाण्यात, किंवा न्यायालयाच्या मुद्देमालात. अटकेच्या वेळी अंगझडतीत मिळालेल्या वस्तूंची पावती आरोपीला द्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९ सांगते. ती पावती किंवा अंगझडतीचा पंचनामा वकिलाकडून मिळवून त्यात आधार कार्ड, लायसन्स, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. उल्लेख असल्यास, आणि तो कागद पुरावा म्हणून आवश्यक नसल्यास, तो परत मिळावा यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. खटला चालू असताना मुद्देमालाचा ताबा देण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम ४९७ मध्ये आहे, तर जप्तीची वस्तू न्यायालयापुढे हजर केलेली नसेल तेव्हा कलम ५०३ लागू पडते. अर्ज एका पानाचा असतो. तो जामीन अर्जाबरोबरच दाखल करण्याची सवय वकिलांना लावली, तर नंतरची कितीतरी धावपळ वाचते.

ठेकेदाराने किंवा मालकाने कागद अडवून ठेवले असतील, तर प्रथम विधी सेवा प्राधिकरणाच्या शिक्क्याचे पत्र पाठवावे. नातेवाइकाला एकट्याने मागायला पाठवू नये. त्याच्यावरच दबाव येण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी: आधार होते की नव्हते, याचा निर्णय

या कामात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो येथे. ज्याने पूर्वी कधीही आधारसाठी बोटे आणि डोळे दिले आहेत, त्याची पुन्हा नवी नोंदणी केली, तर जैविक माहिती जुळते आणि अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. फेटाळल्याचे कळायला काही आठवडे लागतात, आणि तोवर कारागृहात भरवलेले आधार शिबिर आटोपलेले असते. म्हणून नवी नोंदणी हा शेवटचा पर्याय ठेवावा.

क्रमांक आठवत नसेल तरी जुने आधार सापडू शकते. घरी छायाप्रत, शिधापत्रिकेवरची जोडणी, बँकेचे खाते, मुलाच्या शाळेतील नोंद यांपैकी कोठेतरी बारा अंकी क्रमांक असतो. नोंदणीची जुनी पावती मिळाली तर तिच्यावरील चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि त्यालगतचे तारीख-वेळेचे अंक यांवरूनही शोध घेता येतो. काहीच हाती नसेल आणि नोंदवलेला मोबाइलही बंद असेल, तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून आधार शोधून छापून देण्याची सोय आहे. शिबिरासाठी आलेल्या चालकाकडे, म्हणजे आधारचे यंत्र चालवणाऱ्याकडे, ती उपलब्ध असेल याची खात्री आधीच करून घ्यावी.

तरुण बंद्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. लहानपणी काढलेल्या आधारची जैविक माहिती वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षानंतर अद्ययावत करणे बंधनकारक आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने ती केलेली नसते, म्हणून त्याचे आधार असूनही पडताळणी होत नाही आणि ‘याचे आधारच नाही’ असा समज होतो. येथे गरज असते ती केवळ अद्ययावत करण्याची. गवंडीकाम, वीटभट्टी, ऊसतोडणी केलेल्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. त्यांच्यासाठी बुबुळांची प्रतिमा नीट घेतली जाते आहे ना, यावर लक्ष ठेवावे.

तिसरी पायरी: नाव आणि पत्ता

कारागृहाच्या नोंदीत बंद्याचे नाव वॉरंटवर असते तसे लागते, आणि वॉरंटवरचे नाव पोलिसांनी ऐकून लिहिलेले असते. आडनावाऐवजी जातीचे किंवा गावाचे नाव, वडिलांच्या नावाच्या जागी भावाचे, ‘उर्फ’ लावून जोडलेले टोपणनाव, परप्रांतीय मजुराच्या नावाचा मराठी उच्चारानुसार बदललेला आकार, हे सगळे त्यात सापडते. बाहेरच्या कागदांवर नाव एक आणि ई-प्रिझन्सच्या, म्हणजे कारागृहांच्या संगणकीय प्रणालीच्या, नोंदीत दुसरे असेल, तर कारागृहाने दिलेला कोणताही दाखला आधारशी जुळत नाही. म्हणून दोन्ही नावे शेजारी लिहून अक्षरा-अक्षराने ताडून पाहावीत. तफावत असल्यास कारागृह आपल्या अधिकारात नाव बदलत नाही. वकिलामार्फत संबंधित न्यायालयाकडे अर्ज करून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुने ओळखपत्र जोडावे आणि मिळालेला आदेश अधीक्षकांना सादर करावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण येथे टाळाटाळ केली तर चुकीच्या नावाचे नवे आधार तयार होते आणि तो माणूस पुढे वर्षानुवर्षे दोन नावांच्या कचाट्यात अडकतो.

पत्त्याचा निर्णय त्याहून नाजूक आहे. कारागृहाचा पत्ता आधारवर छापला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ते कार्ड घर भाड्याने घेताना, नोकरी मागताना, मुलाला शाळेत घालताना पुढे करावे लागते, आणि त्यावरचा एक शब्द माणसाची सगळी हकिकत सांगून टाकतो. बंदी सुटल्यावर कोठे राहणार आहे हा प्रश्न आधी विचारावा आणि तोच पत्ता शक्यतो वापरावा. घरच्यांशी संबंध असतील तर कुटुंबप्रमुखाच्या आधारावर पत्ता नोंदवता येतो. केंद्रावर कुटुंबप्रमुख हजर असावा लागतो, म्हणून मुलाकातीच्या दिवशीच शिबिर ठेवल्यास आई-वडिलांना किंवा पत्नीला दोनदा प्रवास करावा लागत नाही. घर तुटलेले असेल तर गावचा पत्ता आणि रहिवासी दाखला यांची वाट धरावी. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचा पत्ता आणि त्याचाच मोबाइल क्रमांक एखाद्या स्त्रीच्या आधारला जोडणे म्हणजे तिची किल्ली त्याच्या हाती देणे होय. तिला एकटीला, इतरांपासून दूर बसवून विचारावे आणि ती सांगेल तेच लिहावे.

मोबाइलबद्दलही येथेच ठरवावे. अनेक महिने न वापरलेले सिम कंपनी बंद करते आणि पुढे तो क्रमांक दुसऱ्या कोणाला तरी मिळतो, म्हणजे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो. विश्वासातल्या नातेवाइकाचा क्रमांक असेल तर तो जोडावा. नसेल तर जागा रिकामी ठेवून, सुटल्यावर स्वतःचा क्रमांक जोडायचा आहे हे बंद्याच्या कागदावर लिहून द्यावे. मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी आधार केंद्रावर कोणताही कागद लागत नाही.

चौथी पायरी: कारागृहाचा दाखला आणि शिबिर

ज्यांच्याकडे दुसरा कोणताच पुरावा नाही त्यांच्यासाठी एक दार उघडे आहे. कारागृह प्रशासनाने दिलेला ‘प्रिझनर इंडक्शन डॉक्युमेंट’, म्हणजे बंद्याच्या प्रवेशाचा दस्तऐवज, आधार नोंदणीसाठी आणि दुरुस्तीसाठी ग्राह्य धरण्याचे आधार देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाने मान्य केले असून केंद्रीय गृह मंत्रालयाने ते राज्यांना कळवले आहे. तो ई-प्रिझन्स प्रणालीतून काढलेला असावा आणि त्यावर कारागृह अधिकाऱ्याची सही व शिक्का असावा. नोंदणी यंत्रावर बसलेल्या चालकाने हा दस्तऐवज कधी पाहिलेला नसतो, असे सहज होऊ शकते; म्हणून त्यासंबंधीच्या पत्राची प्रत शिबिराच्या टेबलावर ठेवावी.

शिबिरासाठी कारागृह अधीक्षकांचे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते, कारण जिल्ह्यातील आधार नोंदणीचे यंत्रसंच तेथून दिले जातात. टपाल खात्याच्या आणि बँकांच्या केंद्रांकडेही विचारणा करता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. पत्रात अंदाजे बंदीसंख्या, त्यातील नव्या नोंदण्या किती आणि दुरुस्त्या किती, स्त्री-पुरुष विभाग वेगळे आहेत का, हे लिहिलेले असले की संच आणि चालक योग्य संख्येने मिळतात. नवी नोंदणी मोफत असते, दुरुस्तीला मात्र शुल्क असते; ते कोण भरणार हे आधी ठरवावे, नाहीतर बंद्याच्या खात्यातील तुटपुंज्या पैशाला हात लागतो.

आतल्या तयारीकडे दुर्लक्ष होते म्हणून थोडे सविस्तर सांगतो. लॅपटॉप, कॅमेरा, ठसे आणि बुबुळांची यंत्रे, इंटरनेटचे डोंगल या प्रत्येक वस्तूची यादी आणि चालकांची नावे प्रवेशद्वारावर आदल्या दिवशीच पोहोचलेली असावीत. मध्यवर्ती कारागृहांत जॅमर असतात. जोडणी कोणत्या खोलीत मिळते याची चाचणी आधी घ्यावी. खोलीत उजेड, पांढरा पडदा, हात धुण्यासाठी पाणी आणि फडके असावे, कारण ओले किंवा मळलेले बोट यंत्र स्वीकारत नाही. सिद्धदोष बंद्यांचा फोटो कारागृहाच्या गणवेशात काढू नये. दोन-तीन मापांचे साधे सदरे जवळ ठेवून अधीक्षकांच्या परवानगीने ते फोटोपुरते घालू द्यावेत. ती प्रतिमा त्या माणसाच्या चेहऱ्याला पुढची अनेक वर्षे चिकटून राहते, आणि त्यासाठी लागतात फक्त दोन मिनिटे.

पडद्यावर दिसणारी माहिती बंद्याला वाचून दाखवल्याशिवाय पावती छापू देऊ नये. ज्याला वाचता येते त्याने स्वतः वाचावी. पावतीची एक प्रत बंद्याला, एक त्याच्या कारागृहातील कागदांत आणि एक विधी स्वयंसेवकाच्या फाइलमध्ये ठेवावी. अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या नव्या नोंदणीची राज्य शासनाच्या यंत्रणेकडूनही पडताळणी होते आणि तिला काही महिने लागू शकतात. या एकाच कारणासाठीसुद्धा हे काम लवकर सुरू करणे भाग आहे. अर्जाची स्थिती आधारच्या १९४७ या दूरध्वनी क्रमांकावर कळते, पण बंद्याला हवा तेव्हा हवा त्या क्रमांकावर फोन करता येत नसल्याने ती जबाबदारी एका ठरावीक माणसावर सोपवावी आणि यादीवर त्याचे नाव लिहावे.

ज्यांच्याकडे खरोखरच काही नाही

काही माणसे अशी भेटतात की त्यांचा जन्म नोंदलेला नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही आणि घराला पत्ता नाही. पारधी वस्त्यांवरून येणाऱ्या अनेक बंद्यांची स्थिती अशीच असते, आणि त्यांच्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने उतरला असला तरी संशय मात्र उतरलेला नाही. येथे घाई करून खोटी जन्मतारीख टाकण्याचा मोह आवरावा. प्रवेशाचा दस्तऐवज वापरून आधार मिळवणे आणि समांतरपणे मूळ कागद उभा करणे, असे दोन रुळांवर काम करावे. जन्मानंतर वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर नोंद होते. त्यासाठी लसीकरणाची वही, भावंडांचा शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचे पत्र, वस्तीतील ज्येष्ठांचे प्रतिज्ञापत्र जे मिळेल ते जोडावे. तलाठी, ग्रामसेवक आणि वस्तीवर काम करणारी संस्था यांना एकत्र आणणारा माणूस असला तरच हे होते.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार अधिनियम, २०१६ चे कलम ९ स्पष्ट सांगते. ज्या बंद्याच्या नागरिकत्वावरच खटला आहे, त्याच्या नोंदणीचा निर्णय वकिलाशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

आधारनंतरची कागदपत्रे

बँकेचे खाते आतूनच उघडता येते, ही गोष्ट कारागृहातही फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) निर्देशांत ‘स्मॉल अकाउंट’ची तरतूद आहे: अधिकृत ओळखपत्र नसलेल्या माणसाला फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन खाते उघडता येते, आणि खातेदार कारागृहात असेल तर ती सही कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर व्हावी व त्याने ती प्रमाणित करावी, असे त्यात स्वतंत्रपणे नमूद आहे. खाते चालू राहण्यासाठी अधिकाऱ्याचा पत्त्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. वर्षभरातील एकूण जमा १ लाख रुपये, महिन्यातील काढणी १० हजार आणि शिल्लक ५० हजार रुपये अशा मर्यादा आहेत. कारागृहात मिळणारी मजुरी साठवायला त्या पुरतात.

मतदार ओळखपत्राबाबत दोन गैरसमज आहेत. कारागृहात असताना मतदान करता येत नाही, म्हणून यादीतले नावही जाते असे समजले जाते. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ मधील परंतुकानुसार मतदानावरील ही बंदी नाव काढण्याचे कारण ठरत नाही. दुसरा समज असा की कारागृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवता येईल. तसे होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २० सांगते की केवळ कारागृहात ठेवले म्हणून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही. नाव जुन्या यादीत आहे का ते मतदारांसाठीच्या १९५० या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे. असेल तर हरवलेल्या कार्डासाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ पुरतो, नव्या नोंदणीसाठी नमुना ६ लागतो.

शिधापत्रिकेकडे घरच्यांचे लक्ष वेधावे. आत असलेल्या सदस्याची ई-केवायसी रेशन दुकानात होऊ शकत नाही, आणि त्यामुळे त्याचे नाव धान्याच्या हिशेबातून वगळले जाण्याचा धोका असतो. कुटुंबाने तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात कारागृहाचा दाखला जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वाहन चालवून पोट भरणाऱ्याचे लायसन्स संपत आले असेल तर तेही टिपून ठेवावे, कारण मुदत संपून वर्षापेक्षा जास्त काळ गेला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले कारागृहात राहतात. कारागृहात असलेल्या स्त्रीला मूल झाले, तर त्याच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कारागृहाचा उल्लेख नसावा, त्या भागाचा पत्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात सांगितले आहे. दाखला हातात पडताच तो तपासावा. पाच वर्षांखालील मुलाचे बाल आधार आईच्या आधारशी जोडून, ठसे न घेता मिळते, म्हणून आईचे काम आधी करावे. तृतीयपंथी बंद्यांना तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या अधिनियमानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र मागता येते आणि त्या प्रमाणपत्रावरील नाव व लिंग पुढे इतर कागदांवर आणता येते.

कार्ड जपणे आणि दारावरचा दिवस

बराकीत कागद टिकत नाही. मूळ कार्ड आल्यावर ते बंद्याच्या खासगी मालमत्तेत, नोंदवहीत लिहून ठेवावे; छायाप्रत घरी आणि क्रमांक फक्त फाइलमध्ये असावा. बंद्यांच्या आधार क्रमांकांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरवण्याची सवय कार्यकर्त्यांनीही सोडावी. कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर गेले असेल, तर नातेवाइकांना ते मुलाकातीला आणायला सांगून पोच घेऊन जमा करावे.

सुटकेच्या वेळी दारावर असलेल्या कर्मचाऱ्याकडे एक छोटी यादी असावी: मालमत्तेतील ओळखपत्र दिले का, सुटकेचा दाखला दिला का, आणि कोणताही अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पावती दिली का. संध्याकाळी घाईने सुटणाऱ्यांची कार्डे भांडारातच राहून जातात, कारण भांडाराची किल्ली असलेला माणूस तोवर गेलेला असतो. दुपारनंतर त्या दिवशी अपेक्षित जामिनांची पाकिटे दाराजवळच्या कपाटात आणून ठेवली, तर हे टळते. ज्याचे आधार अजून आलेले नाही त्याला नोंदणीची पावती, शिबिराचे ठिकाण व तारीख, आणि जिल्हा परिवीक्षा अधिकारी व विधी सेवा प्राधिकरण यांचे पत्ते एकाच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत. परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील माणूस असेल, तर त्याच्या गावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचाही पत्ता लिहावा, कारण पुढची दुरुस्ती तो तेथेच करणार असतो.